वेधशाळेचे टीकाकार आणि वेधशाळेचे भाट

ज्या संस्थेची थट्टा करण्यास अभ्यास लागत नाही आणि जिची स्तुती करण्यासही तो लागत नाही, अशा संस्थांची यादी कोणी केली तर आमच्या हवामानखात्याचा क्रम तीत पहिला लागेल. मृग नक्षत्र कोरडे जाऊ लागले, की 'वेधशाळेने पाऊस सांगितला आहे, तेव्हा छत्री घरी ठेवण्यास हरकत नाही' हा विनोद ओटीवर, आगगाडीत आणि वर्तमानपत्रांच्या स्फुटांत एकाच वेळी उगवतो. आणि तो पिढ्यानपिढ्यांचा असूनही सांगणारास व ऐकणारास दरसाल नवा वाटतो. उलट पक्षी, १५ जानेवारी १८७५ रोजी स्थापन झालेल्या या खात्यास २०२५ च्या जानेवारीत दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मोठा उत्सव झाला, आणि उपग्रह, रडार व महासंगणक यांची नावे सहस्रनामाप्रमाणे म्हटली गेली. हे दोन पक्ष वरून परस्परविरुद्ध दिसतात. पण आमच्या मते ते एकाच अज्ञानाची दोन अपत्ये होत. उद्या काय होणार हे सांगणे एवढेच वेधशाळेचे काम, असे दोघेही गृहीत धरतात. ते सांगणे चुकले की पहिला हसतो, साधले की दुसरा टाळ्या वाजवतो. पण ते कशाच्या बळावर सांगितले जाते, याची चौकशी दोघांपैकी एकही करीत नाही.

ती चौकशी केल्यास असे दिसून येईल, की या खात्याची खरी मिळकत म्हणजे त्याचे अंदाज नव्हेत व त्याची यंत्रेही नव्हेत. दररोज ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने, ठरल्या जागी घेतलेली व पिढ्यानपिढ्या सांभाळलेली नोंद ही ती मिळकत होय. ती माणसांनी केलेली आहे. आणि त्यांतील बहुतेकांची नावे ना टीकाकारांस ठाऊक आहेत, ना भाटांस. या माणसांवाचून लिहिलेला वेधशाळेचा इतिहास हा इतिहासच नव्हे, आणि या माणसांवाचून चालवू पाहिलेली वेधशाळा फार दिवस वेधशाळा राहणार नाही, हे आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या खात्याच्या जन्माची हकीकत पाहू. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ येऊन आदळले व त्यात सुमारे साठ हजार माणसे प्राणास मुकली. पाऊस हुकल्यामुळे १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळाने हाहाकार उडाला. १८७१ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. तोपर्यंत निरनिराळ्या प्रांतांत हवामानाची टिपणे होत होती, परंतु एकाची रीत दुसऱ्यास ठाऊक नव्हती. या सर्वांस एका सूत्रात ओवण्याकरिता १८७५ मध्ये सरकारने मध्यवर्ती खाते निर्माण केले व त्यावर हेन्री ब्लॅनफर्ड यांची नेमणूक केली. परकी सरकारास अचानक रयतेचा कळवळा आला, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. बंदरातील जहाजे आणि शेतसारा या दोन्हींचे दैव वाऱ्यापावसावर अवलंबून असल्यामुळे सरकारास हे खाते हवे होते. तथापि हेतू कोणताही असो, काम शास्त्राच्या रीतीने झाले की त्याचे फळ हेतूपुरते मर्यादित राहत नाही. हिमालयावरील बर्फ व पुढील पाऊस यांचा संबंध ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडला व १८८६ मध्ये सबंध पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध केला.

आता टीकाकारांचे आवडते प्रकरण घेऊ. म्हणजे चुकलेले अंदाज. त्यांची संख्या थोडी नाही, आणि ती लपविण्याचे आम्हांस कारण नाही. ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेल्या सर जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी 'छपन्नचा दुष्काळ' म्हणून जो पुढे कुविख्यात झाला, तो देशावर कोसळला. टीकेचा भडिमार झाला. तेव्हा सरकारने काय करावे? पुढे काही वर्षे पावसाळ्याचे अंदाज लोकांस न सांगता केवळ अधिकाऱ्यांकडे गुप्तपणे पाठविण्याचा क्रम त्याने स्वीकारला! अंदाज चुकणे हा शास्त्राच्या बाल्यावस्थेचा धर्म आहे. परंतु चुकेल म्हणून तो लोकांपासून लपविणे हा राज्यकर्त्यांचा दोष होय. वेधशाळेच्या इतिहासात लाज वाटण्यासारखे काही असेल तर ते चुकलेल्या अंदाजात नसून या गुप्ततेत आहे. आमचे विनोदकार मात्र जेथे लाज नाही तेथे हसतात, आणि जेथे ती आहे तेथे त्यांची दृष्टीच पोहोचत नाही.

या अपयशातूनच खात्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे प्रकरण निघाले. १९०४ मध्ये सर गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. हे केंब्रिजचे नाणावलेले गणिती. हवामानशास्त्र त्यांनी पूर्वी अभ्यासिले नव्हते. कार्यकारणाची उपपत्ती हाती येईपर्यंत थांबण्यापेक्षा, जगभरच्या नोंदी घ्याव्या व कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीबरोबर वाढते-घटते हे अंकांनीच ठरवावे, असा मार्ग त्यांनी धरिला. मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वायुभार, झांझिबारचा पाऊस, हिमालयावरील बर्फ अशा दूरदूरच्या गोष्टींचा आमच्या पावसाशी मेळ घालून १९०९ पासून गणिती सूत्राने अंदाज देण्यास आरंभ झाला. या शोधातच हिंदी महासागर व प्रशांत महासागर यांवरील वायुभाराचा तराजूप्रमाणे चालणारा खालवर खेळ त्यांस दिसला. त्यास त्यांनी 'दक्षिण आंदोलन' असे नाव दिले. १९६९ मध्ये ब्येर्कनेस यांनी त्या आंदोलनाची सांगड प्रशांत महासागराच्या पाण्याच्या उष्णतेशी घातली, आणि त्या प्रवाहचक्रास 'वॉकर चक्र' हे नाव दिले. आज एल निनोचे नाव शाळेतील मुलांच्या तोंडी आहे. त्याच्या शोधाचा एक मुख्य धागा सिमल्याच्या एका सरकारी कचेरीत कातला गेला, हे मात्र त्या मुलांच्या पुस्तकांत नाही.

येथपर्यंत भाटमंडळी आमच्याबरोबर येतील. पण आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. वॉकर यांनी हे सहसंबंध काढले म्हणजे नेमके काय झाले? त्या काळी संगणक नव्हता. डझनावारी ठिकाणांची दशकानुदशकांची कोष्टके मांडून, प्रत्येकाचा प्रत्येकाशी गुणाकार, बेरीज, वर्गमूळ असा हिशेब हाताने करावा लागे. तो केला खात्यातील हिंदी कारकुनांनी व गणकांनी. त्या मंडळींचा एक मोठा ताफा वर्षानुवर्षे हे काम करीत होता, आणि त्यांच्या एकेका बेरजेवर 'दक्षिण आंदोलन' उभे आहे. चक्रास वॉकर यांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे; कोणत्या दिशेने शोधावे हे त्यांच्या बुद्धीने ठरविले. परंतु सेतू बांधणारा नळ आठवावा आणि दगड वाहणारे वानर विसरावे, असा न्याय आमच्या रामकथेतही नाही. खारीलासुद्धा तीत पाठीवरून हात फिरविला गेला आहे.

वॉकर यांची आणखी एक गोष्ट टीकाकारांनी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. पुष्कळ गोष्टींचा पुष्कळ गोष्टींशी संबंध तपासला, की काही संबंध केवळ योगायोगाने बळकट दिसणारच. तेव्हा अनेकांतून निवडलेल्या संबंधावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्यास अधिक कडक कसोटी लाविली पाहिजे, हे त्यांनी १९१४ मध्येच गणिताने दाखवून दिले. आपल्याच पद्धतीची फसगत कोठे होऊ शकते हे जी संस्था स्वतः छापते, तिला 'ठोकताळे बांधणारी' म्हणणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

आणि येथे आम्हांस तुलना करणे प्राप्त आहे. आमच्या पंचांगांत प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन छापलेले असते. मृगास बेडूक की गाढव, आर्द्रास मोर की म्हैस, यावरून पावसाचे मान सांगितले जाते. अक्षय्य तृतीयेस भेंडवळ येथे घटमांडणी होते, आणि तिचे भाकीत वर्तमानपत्रे दरसाल आदराने छापतात. आम्हांस परंपरेचा उपहास करावयाचा नाही. शेतकऱ्याच्या चिंतेतूनच त्या जन्मास आल्या आहेत. परंतु गेल्या वर्षीचे वाहन का चुकले, याचा खुलासा कोणत्या पंचांगाने पुढील वर्षी छापला आहे? गेल्या पन्नास वर्षांत घटमांडणी किती वेळा खरी ठरली व किती वेळा नाही, याचे कोष्टक कोणी मांडले आहे? वेधशाळा पावसाळा संपताच आपला अंदाज व प्रत्यक्ष पाऊस यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध करते. म्हणजे जो आपली चूक मोजून चव्हाट्यावर मांडतो त्याची थट्टा, आणि जो चुकीचा हिशेबच ठेवीत नाही त्यावर श्रद्धा, अशी आमच्या समाजाची रीत आहे. असे असता प्रामाणिकपणाची किंमत आमच्यात का घसरली, म्हणून आश्चर्य करण्यात अर्थ नाही.

गंमत अशी, की ज्या पंचांगाच्या आधारे वेधशाळेस हसले जाते, त्या पंचांगाचे शुद्धीकरण करू पाहणारे पहिले मोठे महाराष्ट्रीय हे वेधशाळेतच तयार झाले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तारुण्यात मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम केले. आकाशातील ग्रह कोष्टकाप्रमाणे चालत नसेल तर ग्रहास दोष न देता कोष्टक दुरुस्त केले पाहिजे, ही शिस्त वेध घेणाऱ्याच्या अंगी बाणते. त्याच शिस्तीने त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ रचला, आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू झाले. लोकमान्य टिळकांस गणिताची गोडी लावणारे गुरू ते हेच.

कुलाब्याची वेधशाळा खात्याहूनही जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये बांधली. १८९९ मध्ये ती खात्याकडे आली. १८४१ पासून तेथे हवामानाची व पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होऊ लागली. नोंद म्हणजे काय व ती कशासाठी ठेवावयाची, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने १८५९ सालचे कुलाब्याचे उदाहरण पाहावे. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर प्रचंड स्फोट होऊन पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. पाश्चात्य देशांत तारायंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याचे निरीक्षक डोळ्यांनी काटा वाचून आकडे वहीत लिहीत होते. काटा अस्वस्थ झाला तेव्हा त्यांनी भिऊन वही मिटली नाही. उलट तासातासाचे वाचन सोडून काही मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू केले. क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी उतरल्याचे त्यांच्या आकड्यांत आहे. हे आकडे पुढे कोणाच्या उपयोगी पडतील याची त्यांस कल्पना असणे शक्य नव्हते. १४४ वर्षांनंतर, २००३ मध्ये, सौर वादळांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांच्याच आधारे ते वादळ किती उग्र होते हे ठरविले. आणि आज उपग्रह व वीजवाहिन्या यांना सूर्यापासून केवढा धोका संभवतो, याचा विचार करताना जगभर मुंबईच्या त्या वहीचा दाखला दिला जातो. कोणत्या मंत्र्याने त्या वर्षी 'या आकड्यांचा उपयोग काय?' असे विचारून ती जागा काटकसरीखातर कमी केली असती, तर?

याच कुलाब्याचे पहिले हिंदी संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस १८९६ पासून १९१९ पर्यंत अधिकारावर होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंद दूषित होणार हे उघड होते. मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग येथे, चुंबकास न बाधणाऱ्या साहित्याची नवी वेधशाळा उभारविली. परंतु नवे सुरू झाले म्हणून जुने त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्या आकड्यांशी सांधा बिनचूक जुळावा. बाहेरच्या माणसास हा दुहेरी खर्च वाटेल. पण याच दोन वर्षांमुळे कुलाबा आणि अलिबाग यांची मिळून एक अखंड मालिका झाली व तिची जगातील थोड्या दीर्घ मालिकांत गणना होते. १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या आकड्यांचा परामर्श घेणारे त्यांचे दोन खंड १९१० मध्ये निघाले. वेधशाळेचा पुरुषार्थ म्हणतात तो हा. त्याची बातमी होत नाही.

पहिल्या हिंदी मंडळींपैकी रुचिराम साहनी हे १८८५ मध्ये ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली खात्यात आले. त्याच साली सप्टेंबरात ओरिसाच्या किनाऱ्यावर फॉल्स पॉइंट येथे भयंकर वादळ झाले. त्यात वायुभार ९१९ मिलिबारपर्यंत उतरल्याची नोंद झाली, आणि ती आजतागायत शास्त्रग्रंथांतून उद्धृत होते. त्या वादळात, छप्पर उडेल की राहील याची शाश्वती नसता, वायुभारमापकासमोर उभे राहून आकडा वाचणाऱ्या माणसाच्या नावाने कोणतेही चक्र ओळखले जात नाही.

१९२८ मध्ये खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्या इमारतीस पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात. परंतु त्या नावाचे कारण विचारल्यास चौकात उभ्या असलेल्या दहांपैकी एकास तरी सांगता येईल काय, याची आम्हांस शंका आहे. याच पुण्यात १९३२ मध्ये ल. अ. रामदास यांच्या हाती कृषिहवामानाचे काम सोपविले गेले. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत कमी उष्णतामान जमिनीस चिकटून नसून वीत-दोन वीत वर असते, हे रामदास व आत्मनाथन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. पाठ्यपुस्तकांच्या विरुद्ध असल्यामुळे पुष्कळ पंडितांनी ते प्रथम मानले नाही. पण पंडितांच्या नापसंतीने उष्णतामापकातील पारा हलत नाही. शेवटी पंडितच हलले, आणि त्या थरास आज जगात रामदासांचे नाव आहे. १९४४ मध्ये सुधांशुकुमार बॅनर्जी हे खात्याचे पहिले हिंदी प्रमुख झाले, त्याच वर्षी मुख्य ठाणे दिल्लीस गेले; परंतु नोंदींचे भांडार व उपकरणांची शाळा पुण्यातच राहिली.

त्या उपकरणांच्या शाखेत १९४८ मध्ये अण्णा मणी या केरळच्या विदुषी रुजू झाल्या. चंद्रशेखर रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यामाणकांच्या प्रकाशाचा अभ्यास करून त्यांनी प्रबंध लिहिला होता, परंतु एम. एस्सी. ची पदवी नाही, या सबबीवर डॉक्टरेट त्यांस मिळाली नाही. त्यांनी त्याचा शोक करीत न बसता देशास लागणारी उपकरणे देशातच करण्याचे काम हाती घेतले. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, अशी त्यांची निष्ठा होती. १९८० मध्ये त्यांनी संपादिलेली सूर्यप्रारणाची कोष्टके प्रसिद्ध झाली. आज छपराछपरांवर सूर्यशक्तीच्या पाट्या चढत आहेत. त्या चढविणारांपैकी किती जणांस या बाईंचे नाव ठाऊक असेल?

इतके झाल्यावर टीकाकार म्हणतील, 'नोंदी पुष्कळ झाल्या. पण शेतकऱ्यास आणि शहरवासियास हवा आहे तो अंदाज. तो का चुकतो?' आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही नोंदींतच आहे. पुण्याचेच डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये सोळा घटकांचे सूत्र बसविले. पुढील चौदा वर्षे ते साधारणपणे देशाच्या पावसाशी जुळत राहिले. २००२ मध्ये ते साफ चुकले. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता, पाऊस ८१ टक्के पडला. मग खात्याने काय केले? सूत्र मोडले, घटक पुन्हा तपासले, आणि २००३ पासून नवी सूत्रे आणिली. वॉकर यांची १९१४ ची सूचना येथे पुन्हा खरी ठरली: काल जुळलेला संबंध उद्या जुळेलच असे नाही. १८९९ च्या अपयशानंतर अंदाज गुप्त झाले होते; २००२ च्या अपयशाची चर्चा उघड झाली. स्वराज्यातील व परराज्यातील शास्त्रात एवढा फरक पडला असेल, तर तो थोडका नव्हे.

२६ जुलै २००५ चे मुंबईचे प्रकरणही घ्यावे. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकास कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. इतक्या पावसाची पूर्वसूचना शहरास मिळाली नाही, आणि ढगांचा वेग व घनता जोखणारे डॉप्लर रडार त्या वेळी मुंबईत नव्हते. हा दोष खरा आहे. ज्यांनी पैसा वेळेवर दिला नाही त्यांनी त्याचा वाटा उचलावा. परंतु शहर बुडत असतानाही सांताक्रूझचा पर्जन्यमापक वाचला गेला, आणि तो आकडा आज मुंबईच्या नाल्यांविषयी होणाऱ्या प्रत्येक वादात पुरावा म्हणून उभा राहतो. त्या दिवशी अंदाज चुकला. नोंद चुकली नाही.

आणि जेथे नोंद, यंत्र, अंदाज व तो पोहोचविणारी माणसे ही चारही एकत्र आली, तेथे काय घडले तेही पाहावे. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसावरील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या ऑक्टोबरात 'फायलिन' हे प्रबळ चक्रीवादळ त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर आले. या वेळी वेळीच दिलेल्या सूचनेवरून सुमारे दहा लाख लोक सुरक्षित स्थळी हलविण्यात आले, आणि मृतांची संख्या दोन अंकांत राहिली. विनोदकारांनी या दोन संख्या शेजारी शेजारी लिहाव्या आणि मग छत्रीचा विनोद पुन्हा सांगून पाहावा.

आता भाटांकडे वळतो. कारण संस्थेस खरा धोका टीकाकारांहून त्यांच्यापासून अधिक आहे. २०२४ च्या सप्टेंबरात दोन हजार कोटी रुपयांची 'मिशन मौसम' ही योजना मंजूर झाली. रडारे वाढावी, गणकयंत्रे वाढावी, हे आम्हांसही हवे आहे. परंतु त्याच २०२४ साली, काही महिन्यांपूर्वी, जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकऱ्यास हवामानाचा सल्ला त्याच्या भाषेत समजावून सांगणारी १९९ कृषिहवामान केंद्रे बंद करण्यात आली होती. तेथील तरुण पदवीधर घरी गेले. कारणे कोणतीही दिली जावोत. त्यांच्या मुळाशी 'यंत्र आले, आता माणूस कशाला?' हीच समजूत असते. दिल्लीत महासंगणकाने काढलेला आकडा आणि आष्टीच्या शेतकऱ्याचा 'आज फवारणी करू की परवा?' हा प्रश्न, यांच्या मध्ये कोणी तरी उभे असावे लागते. ते माणूस काढून घेतले म्हणजे अंदाज कितीही सूक्ष्म झाला तरी तो कचेरीतच राहतो, आणि एका परीने १८९९ नंतरची गुप्तता मागल्या दाराने परत येते. दीडशे वर्षांचा उत्सव करावयाचा व ज्यांच्या श्रमावर ती उभी आहेत त्यांच्या वारसांस निरोप द्यावयाचा, हे श्राद्धात पितरांस पिंड देऊन मुलांस उपाशी ठेवण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, स्वयंचलित केंद्रे माणसाहून नियमित असतात. त्यांस रजा लागत नाही, झोप येत नाही. हे खरे आहे, आणि यंत्रास आमचा विरोध नाही. अण्णा मणी यांची थोरवी गाणारा लेख यंत्रद्वेष्टा कसा असेल? परंतु पर्जन्यमापकावर झाडाची फांदी वाढली, नळीत पालापाचोळा अडकला, शेजारी नवी भिंत उठली, हे यंत्र स्वतः सांगत नाही. ते पाहणारा डोळा लागतो. जुने व नवे यंत्र काही काळ बरोबरीने चालवून सांधा जुळविणारा मूस लागतो. आज पिकाचा विमा मिळेल की नाही हे पुष्कळ ठिकाणी हवामानकेंद्राच्या आकड्यावर ठरते. तेव्हा एका तुंबलेल्या नळीची किंमत एका गावाची भाकरी असू शकते.

म्हणून आमचे मागणे दोन प्रकारचे आहे. सरकारास आमचे सांगणे असे, की यंत्रांच्या खर्चाबरोबर यंत्रे जपणाऱ्या व अंदाज पोहोचविणाऱ्या माणसांचा खर्च लिहिला गेला पाहिजे, आणि तो काटकसरीचा पहिला बळी होता कामा नये. आमच्या लेखकवर्गास सांगणे असे, की या खात्याचा साद्यंत इतिहास मराठीत लिहिण्यास कोणी तरी पुढे यावे. त्याचे पुष्कळसे कागद पुण्यात व मुंबईत आहेत. त्यात प्रमुखांच्या तसबिरी हव्या, तशाच चुकलेल्या अंदाजांची यादीही हवी. वॉकर हवेत, तसे त्यांचे गणकही हवेत. कुलाब्यास १८५९ मध्ये काटा वाचणारे, फॉल्स पॉइंटला वायुभार टिपणारे, सांताक्रूझला पाऊस मोजणारे, या सर्वांची नावे जुन्या पटांतून शोधून काढून छापली पाहिजेत. आमच्या बखरकारांनी लढाईत पडलेल्या साध्या शिलेदारांची नावे लिहून ठेविली. त्यांच्या वंशजांस इतके करणे जड जाऊ नये.

तोपर्यंत सकाळी साडेआठ वाजता देशभर शेकडो ठिकाणी कोणी तरी अंगणात जाऊन पर्जन्यमापकातील पाणी मोजील व आकडा वहीत लिहील. पाऊस नसेल तर शून्य लिहील. ते शून्यही मोलाचे आहे, कारण दुष्काळाचा पुरावा त्याच शून्यांनी होतो. त्या माणसाकडे पाहून हसण्याचा अधिकार ज्यास हवा असेल, त्याने प्रथम एक वर्षभर, एकही दिवस न चुकता, तेवढेच काम करून दाखवावे.